शंट शस्त्रक्रियेनंतर : घर, शाळा आणि गाव यांचे कर्तव्य

दुसरीच्या वर्गातील एक मुलगी सकाळपासून बाकावर डोके टेकून बसली आहे, अशी कल्पना करावी. एरवी ती चुणचुणीत. परंतु गेल्या दोन दिवसांपासून सकाळी उठताच तिचे डोके दुखते, एकदोन वेळा उलटीही झाली. घरच्यांना वाटले, पित्त झाले असेल. वर्गशिक्षकांना वाटले, रात्री जागरण झाले असेल. दुसऱ्या एखाद्या मुलीच्या बाबतीत हे तर्क कदाचित बरोबर ठरले असते. या मुलीच्या कानामागे मात्र, केसांखाली, एक लहानसा उंचवटा आहे. ती सात महिन्यांची असताना तिच्यावर शंट बसविण्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. अशा मुलीच्या बाबतीत डोकेदुखी, उलटी आणि ग्लानी एकत्र दिसल्यास त्यांचा अर्थ अगदी निराळा असू शकतो. तो ओळखण्यास विलंब झाला, तर तिच्या दृष्टीला आणि प्रसंगी प्राणालाही धोका पोहोचतो.

शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद मोठ्या शहरातील रुग्णालयात असतात. शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य मात्र घरी, अंगणवाडीत, शाळेत आणि गावात जावयाचे असते. म्हणूनच शंट म्हणजे काय, तो बसविल्यानंतर कोणती काळजी घ्यावी आणि कोणती भीती अनाठायी आहे, याची माहिती केवळ डॉक्टरांपुरती मर्यादित राहून चालणार नाही. ती शिक्षकांना, आरोग्यसेवकांना आणि पंचायत सदस्यांनाही असावयास हवी.

मेंदूतील द्रव आणि त्याची वाट

आपल्या मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. त्यांना मस्तिष्क-विवरे म्हणतात. या विवरांत पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. तो मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूभोवती फिरतो, मेंदूला धक्क्यांपासून सांभाळतो आणि शेवटी रक्तात शोषला जातो. प्रौढ माणसाच्या शरीरात एका वेळी हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो. परंतु दिवसाकाठी तो सुमारे अर्धा लिटर तयार होतो. म्हणजे एका दिवसात तो तीन वेळांहून अधिक बदलला जातो. जेवढा तयार होतो तेवढाच शोषला जातो, म्हणून तोल राहतो.

हा तोल बिघडला, वाटेत कोठे अडथळा आला किंवा शोषण मंदावले, तर द्रव विवरांत साचू लागतो. विवरे फुगतात आणि मेंदूवर दाब पडतो. या विकारास हायड्रोसेफॅलस, म्हणजेच जलशीर्ष, असे म्हणतात. तान्ह्या बालकाच्या कवटीची हाडे एकमेकांस सांधलेली नसतात. त्यामुळे त्याचे डोके वेगाने मोठे होते, टाळू ताठ व उंच होते, कपाळावरील शिरा ठळक दिसतात आणि डोळ्यांची बुबुळे खाली झुकल्यासारखी दिसतात. मोठ्या मुलांत व प्रौढांत कवटी ताणली जात नाही. त्यांच्यात डोकेदुखी, उलट्या, दृष्टी मंदावणे व ग्लानी ही लक्षणे दिसतात.

जलशीर्षाची कारणे अनेक आहेत. काही बालकांत तो जन्मजात असतो. पाठीच्या कण्याची रचना गर्भातच अपुरी राहिलेल्या बालकांत तो वारंवार आढळतो. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बालकांच्या मेंदूत रक्तस्राव झाल्यास, मेंदूत गाठ झाल्यास किंवा डोक्यास मोठी इजा झाल्यासही तो होऊ शकतो. आपल्या देशात क्षयरोगाच्या जंतूंमुळे होणारा मेंदूच्या आवरणांचा दाह हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. उतारवयातही एक विशेष प्रकारचा जलशीर्ष आढळतो. त्यात चाल जड व घसटती होते, लघवीवरील ताबा सुटतो आणि विस्मरण वाढते. ही लक्षणे म्हातारपणाची म्हणून सोडून दिली जातात. वस्तुतः अशा काही वृद्धांना शंटमुळे पुन्हा नीट चालता येऊ लागते.

एका लहानशा झडपेची कथा

शंट म्हणजे साचलेल्या द्रवाला काढून दिलेली दुसरी वाट होय. सिलिकोन रबराची एक बारीक नळी मेंदूच्या विवरात ठेवतात. ती कानामागे बसविलेल्या झडपेला जोडलेली असते. तेथून दुसरी नळी त्वचेखालून मान व छातीवरून पोटाच्या पोकळीत नेऊन सोडतात. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की झडप उघडते, द्रव पोटात उतरतो आणि तेथे शरीर तो शोषून घेते. शेतातील पाटाला बसविलेल्या दाराशी या झडपेची तुलना करता येईल. फरक एवढाच, की हे दार आपोआप उघडते आणि आपोआप मिटते. त्यातून पाणी उलट दिशेने जात नाही.

ही झडप घडविण्यात डॉक्टरांइतकाच पालकांचाही हात आहे. अमेरिकेतील जॉन होल्टर हे एक तंत्रज्ञ. त्यांच्या मुलाला जन्मतःच हा विकार होता. मुलाच्या उपचारांसाठी त्यांनी आपल्या हातांनी झडप तयार केली आणि १९५६ मध्ये फिलाडेल्फिया येथील शल्यविशारद यूजीन स्पिट्झ यांनी ती वापरात आणली. पुढे १९६० मध्ये प्रसिद्ध इंग्रज लेखक रोआल्ड डाल यांच्या तान्ह्या मुलाच्या बाबागाडीला न्यूयॉर्कमध्ये मोटारीची धडक बसली आणि त्याला जलशीर्ष झाला. बसविलेली नळी पुनःपुन्हा तुंबू लागली. तेव्हा डाल यांनी स्टॅन्ली वेड हे अभियंता व केनेथ टिल हे शल्यविशारद यांच्या साहाय्याने १९६२ मध्ये नवी झडप तयार करविली. तोवर त्यांचा स्वतःचा मुलगा बरा झाला होता. परंतु त्या झडपेचा लाभ इतर अनेक बालकांना मिळाला.

या कथेत भारताचाही वाटा आहे. परदेशी शंटची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची असे. डॉ. डी. के. छाबरा यांच्या नावाने ओळखला जाणारा आणि उत्तर प्रदेशातील शाहजहानपूर येथे तयार होणारा शंट अल्प किमतीत उपलब्ध झाला. आफ्रिकेतील युगांडा देशात १९५ बालकांवर या भारतीय शंटची आणि एका महागड्या परदेशी शंटची तुलना करण्यात आली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षअखेरचे परिणाम दोहोंचे सारखेच आढळले. स्वस्त म्हणजे हलक्या प्रतीचे, हा समज किती फसवा आहे याचे हे बोलके उदाहरण होय.

आता काही रुग्णांमध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने विवराच्या तळाशी छिद्र करून द्रवाला वाट देण्याची शस्त्रक्रियाही केली जाते. त्यात नळी बसवावी लागत नाही. परंतु ती प्रत्येक रुग्णास उपयुक्त ठरतेच असे नाही. आणि ती केलेल्या रुग्णांवरही लक्ष ठेवावेच लागते, कारण केलेले छिद्र पुढे बुजू शकते.

घरी परतल्यानंतरचे पहिले आठवडे

शस्त्रक्रियेनंतर डोक्यावर, पोटावर आणि कधी मानेवरही टाके असतात. टाके काढून डॉक्टरांची अनुमती मिळेपर्यंत जखमा कोरड्या ठेवाव्यात. झडपेच्या बाजूवर बालकाला निजवू नये. एका जागी दाब पडून त्वचा नाजूक होते व जखम उघडण्याचा संभव असतो. बालकास बसते ठेवावे की सपाट निजवावे, हे टाळू कितपत खोल गेली आहे हे पाहून डॉक्टर सांगतात, त्याप्रमाणे वागावे.

शंटला जंतुसंसर्ग होण्याचा धोका पहिल्या सहा महिन्यांत अधिक असतो. ताप, जखमेभोवती किंवा नळीच्या मार्गावर लाली व सूज, जखमेतून पू अथवा पाण्यासारखा स्राव, पोटदुखी आणि बालकाचे सतत किरकिरणे ही त्याची चिन्हे होत. अशा वेळी घरी शिल्लक असलेले प्रतिजैविक देऊन पाहण्याचा मोह टाळला पाहिजे. त्याने ताप काही काळ उतरतो, पण मूळ रोग झाकला जातो.

आपल्या घरांतील काही रीतींचाही येथे विचार करावयास हवा. टाळू भरणे, म्हणजे टाळूवर तेल घालून ती चोळणे, ही आजीच्या मायेची रीत आहे. परंतु जखम पूर्ण भरून येईपर्यंत ती दूर ठेवावी आणि नंतरही झडपेवर चोळणे व दाबणे टाळावे. जावळ काढावयाचे असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे आणि नाभिकास उंचवटा व नळीची रेघ आवर्जून दाखवावी; तेथे वस्तरा लागता कामा नये. पोट फुगले म्हणून बालकाच्या पोटावर डागण्या देण्याची अघोरी प्रथा काही भागांत आढळते. ती कोणत्याही बालकाला अपायकारकच आहे. ज्याच्या पोटाच्या त्वचेखालून शंटची नळी गेली आहे, त्याच्या बाबतीत तर ती जिवावर बेतू शकते. झडप बोटाने दाबून ती चालते की नाही हे घरी तपासू नये. ते काम तज्ज्ञांचे आहे आणि त्यांनाही केवळ त्यावरून निदान करता येत नाही.

लसीकरण वेळापत्रकाप्रमाणे चालू ठेवावे. शंट बसविला म्हणून लसी टाळण्याचे कारण नाही. उलट अशा बालकाला रोगप्रतिबंधाची अधिक गरज असते. मुलाला बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. पोटातील दाब वाढला तर नळीतून द्रव उतरण्यास अडथळा येऊ शकतो. भाज्या, फळे आणि पुरेसे पाणी या साध्या गोष्टींचे महत्त्व येथे दुप्पट आहे.

धोक्याच्या खुणा

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल, तर ती ही : शंट बसविल्याने जलशीर्ष नाहीसा होत नाही, तो ताब्यात राहतो. नळी तुंबू शकते, सांध्यातून निसटू शकते, तुटू शकते आणि मूल उंच वाढल्यावर अपुरीही पडू शकते. मुलांमध्ये बसविलेल्या शंटपैकी ३० ते ४० टक्के शंटमध्ये पहिल्याच वर्षी, तर सुमारे निम्म्यांमध्ये पहिल्या दोन वर्षांत बिघाड होतो, असा जगभरचा अनुभव आहे. असा बिघाड झाला म्हणून शल्यविशारदाने चूक केली असे होत नाही, की आईने काळजी घेतली नाही असेही होत नाही. तो या साधनाच्या मर्यादेचा भाग आहे. वेळीच कळल्यास तो दुरुस्त होतो, आणि वेळीच कळणे हे भोवतालच्या माणसांवर अवलंबून असते.

तान्ह्या बालकात टाळू ताठ होणे, डोके वेगाने वाढणे, दूध ओकणे, अवेळी झोपाळूपणा, डोळे खाली झुकणे व कर्कश रडणे या खुणा पाहाव्यात. मोठ्या मुलांत वाढत जाणारी आणि बहुधा सकाळी अधिक जाणवणारी डोकेदुखी, उलट्या, जागे करूनही पुन्हा झोपी जाणे, एकाचे दोन दिसणे, नव्याने आलेला तिरळेपणा, झटके आणि चालताना तोल जाणे यांकडे लक्ष द्यावे. नळीच्या मार्गावर फुगवटा येणे हीही खूण आहे. याउलट, उठून बसले की डोके दुखते व आडवे झाले की थांबते, असे होत असेल तर शंटमधून द्रव अधिक प्रमाणात वाहत असण्याचा संभव असतो. तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.

प्रत्येक डोकेदुखी म्हणजे शंट बिघडला असे नव्हे. या मुलांनाही इतरांप्रमाणे सर्दी होते, पोट बिघडते, परीक्षेच्या दिवशी डोके दुखते. परंतु ही उलटी पोटाची की डोक्याची, हे घरी बसून ठरवू नये. उलटीबरोबर ग्लानी असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता मेंदूची छायाचित्र-तपासणी व शस्त्रक्रिया यांची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. मूल जागे होत नसेल किंवा झटके येत असतील तर तो क्षण तातडीचा आहे. आईला अनेकदा नेमके लक्षण सांगता येत नाही. ती एवढेच म्हणते, ‘आज हा नेहमीसारखा नाही.’ अनुभवी डॉक्टर या वाक्याला मोठी किंमत देतात. इतरांनीही ती द्यावी.

शाळेतील दिवस

शंट असलेल्या मुलाची जागा शाळेतच आहे. त्यांपैकी अनेक मुले इतरांच्या बरोबरीने शिकतात. काहींना गणितातील आकृत्या, सलग अनेक सूचना लक्षात ठेवणे किंवा बारीक हस्ताक्षर काढणे कठीण जाते. बोलण्यात चुणचुणीत असलेले मूल लिहिण्यात मागे पडले, तर त्याला आळशी ठरविण्यापूर्वी शिक्षकाने थोडा विचार करावा. सूचना एकेक करून द्यावी, फळ्याजवळ बसवावे, लिहिण्यास अधिक वेळ द्यावा. एवढ्यानेही बराच फरक पडतो.

शिक्षकाचे दुसरे काम दक्षतेचे आहे. एखादे मूल वर्षभर बरे शिकत असून काही आठवड्यांत अचानक मागे पडले, अक्षर बिघडले, चिडचिडे झाले, तर तीही दाब हळूहळू वाढत असल्याची खूण असू शकते. पालकांना ती दिसण्यापूर्वी शिक्षकाला दिसते, कारण तो रोज त्याच वहीत डोकावत असतो. प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून शस्त्रक्रियेची माहिती, रुग्णालयाचे नाव व दूरध्वनी क्रमांक घेऊन तो कागद मुख्याध्यापकांनी हाताशी ठेवावा. बदली झाल्यास नव्या शिक्षकास तो आवर्जून दाखवावा.

खेळाचे काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. धावणे, लंगडी, झोके, सायकल, पोहणे यांस बहुधा हरकत नसते. कुस्ती, कबड्डी, मुष्टियुद्ध यांसारख्या, डोक्यास व मानेस मार बसण्याचा संभव असलेल्या खेळांबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुलाला अंगणात सोडावयाचेच नाही, हा मात्र उपाय नव्हे. भीतीपोटी घरात कोंडलेले मूल नळीने वाचते खरे, पण त्याचे बालपण हरवते.

मोठेपणी

शंट बहुधा आयुष्यभर लागतो. तरुणपणी हीच व्यक्ती शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परगावी जाते आणि आईची नजर दूर राहते. म्हणून शंट केव्हा बसविला, कोणत्या प्रकारचा आहे व शेवटची तपासणी केव्हा झाली, ही माहिती तिने स्वतः जवळ बाळगावी. प्रकृती बरी असताना घेतलेले मेंदूचे छायाचित्र जपून ठेवावे. बिघाडाच्या वेळी तुलनेसाठी ते फार उपयोगी पडते. पोटाची कोणतीही शस्त्रक्रिया करावयाची असल्यास शंटची कल्पना आधी द्यावी. काही झडपांचा दाब बाहेरून चुंबकाने बदलता येतो. अशी झडप असणाऱ्यांनी प्रबळ चुंबक डोक्याजवळ आणू नये आणि चुंबकीय छायाचित्रण झाल्यावर झडप पुन्हा तपासून घ्यावी. दुचाकीवर शिरस्त्राण तर हवेच. शंट असलेल्या अनेक स्त्रिया सुखरूप माता होतात; मात्र गर्भारपणात प्रसूतितज्ज्ञ आणि मेंदूशल्यविशारद या दोघांचीही देखरेख असावी. यावरून हेही स्पष्ट व्हावे, की शंट आहे एवढ्याच कारणासाठी विवाह किंवा नोकरी नाकारणे अन्यायाचे आहे.

पंचायत काय करू शकेल

अनेक कुटुंबांची अडचण अज्ञानाची नसून अंतराची व खर्चाची असते. येथे ग्रामपंचायतीची मदत मोलाची ठरते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करून शिधापत्रिका व ओळखपत्रे आधीच तयार ठेवावीत. रात्री दोन वाजता कागद शोधण्याची वेळ येऊ नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये पालघर येथून झाला. त्याची पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. गावातील असे मूल पथकापुढे नेले जाईल, हे सदस्यांनी पाहावे.

ज्या मुलांना या विकारामुळे चालणे, पाहणे किंवा शिकणे यांत कायमचे व्यंग आले असेल, त्यांना दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे संरक्षण आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या बालकास ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ग्रामपंचायतींनी आपल्या स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवावयाचा असतो. त्यातून एखाद्या मुलास चाकांची खुर्ची मिळाली, तर तो निधी सार्थकी लागला असे म्हणता येईल.

प्रतिबंधाचा मार्गही आपल्या हाती आहे. गर्भातील बालकाच्या पाठीच्या कण्याची नलिका गर्भधारणेनंतर पहिल्या २८ दिवसांतच मिटते. पुष्कळदा तोवर स्त्रीला आपण गर्भवती असल्याचे कळलेलेही नसते. म्हणून गर्भधारणेपूर्वी निदान एक महिना आणि नंतरचे तीन महिने दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेतल्यास कण्याचे व त्यासोबत येणाऱ्या जलशीर्षाचे प्रमाण पुष्कळ घटते. जन्मतः दिलेली बीसीजी लस बालकांना क्षयाच्या मेंदूदाहापासून मोठ्या प्रमाणात संरक्षण देते. क्षयरोग्याच्या घरातील लहान मुलांची तपासणी वेळेवर झाली, तर कित्येक शस्त्रक्रिया टळतील. अंगणवाडीतील साधी मोजपट्टीही कमी महत्त्वाची नाही. जन्मतः बालकाच्या डोक्याचा घेर सामान्यतः ३३ ते ३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो दरमहा सुमारे २ सेंटिमीटर, पुढील तीन महिने सुमारे १ सेंटिमीटर आणि नंतर वर्षअखेरपर्यंत सुमारे अर्धा सेंटिमीटर वाढतो. वाढ याहून वेगाने होत असेल, तर बालकास विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावे.

आता पुन्हा त्या दुसरीच्या वर्गाकडे वळू. बाकावर डोके टेकलेल्या मुलीजवळ शिक्षक गेले. त्यांना कपाटातील तो कागद आठवला, त्यांनी तिच्या वडिलांना निरोप धाडला, सरपंचांनी वाहन मिळवून दिले आणि सायंकाळच्या आत ती रुग्णालयात पोहोचली. नळी तुंबली असेल तर ती बदलता येईल. काही दिवसांनी ती त्याच बाकावर परत येईल. तपासणीत साधे पित्तच निघाले, तर एक दिवस वाया गेला एवढेच. या दोहोंपैकी कोणती चूक परवडणारी आहे, हे ठरविणे कठीण नाही. नळीचे काम शल्यविशारदांनी केलेले आहे. जागे राहण्याचे काम आपणा सर्वांचे आहे.